हर्टफर्डशायरचे औषध, वऱ्हाडची बोंडअळी

लंडनच्या युस्टन स्थानकातून सुटलेली जलद गाडी वीसेक मिनिटांत वॉटफर्डला येते. वॉटफर्ड जंक्शनवरून एक छोटा फाटा सेंट ऑल्बन्सकडे जातो आणि तिथून उत्तरेला चार-पाच मैलांवर हार्पेंडन हे टुमदार गाव लागते. हा सगळा हर्टफर्डशायर परगणा. इथली शेते गव्हाची आणि जवाची. कपाशी या थंडीत उघड्या रानात तगणार नाही. तरीही विदर्भातल्या कापसाच्या गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासाचे एक टोक इथे सापडते. हार्पेंडनला रोथॅमस्टेड हे जगातल्या सर्वांत जुन्या कृषी संशोधन केंद्रांपैकी एक आहे. यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्यांच्या पाठीवरच्या पंपात वर्षानुवर्षे जी औषधे पडली, त्यांतल्या एका मोठ्या कुळाचा जन्म तिथल्या प्रयोगशाळेत झाला.

आता त्याच कपाशीसाठी एका नव्या उपायाची चर्चा आहे. अळीच्या शरीरातले नेमके एक जनुक गप्प करायचे आणि तिला वाढूच द्यायचे नाही, असा तो उपाय. त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे ठरवायचे, तर आधीचे दोन उपाय कसे आले आणि कसे बोथट झाले हे क्रमाने पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो. ते उपाय वाईट नव्हते. प्रत्येक उपाय एकटा, सगळीकडे आणि हंगामामागून हंगाम वापरला गेला, आणि अळीला त्याच्याशी जुळवून घ्यायला आपणच सवड दिली.

रोथॅमस्टेडची स्थापना 1843 ची. जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने आपल्या वडिलोपार्जित शेतावर खतांचे प्रयोग सुरू केले आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनतज्ज्ञाला मदतीला घेतले. त्याच दशकात विल्यम विल्सन साँडर्स या इंग्रज कीटक-अभ्यासकाने भारतातून आलेल्या एका बारीक पतंगाचे शास्त्रीय वर्णन केले. नमुने भडोचच्या कापसातले होते. तीच आपली गुलाबी बोंडअळी, म्हणजे जुन्या शेतकऱ्यांची शेंदरी अळी. तेव्हा ती देशी कपाशीवरची एक कीड होती, इतकेच. तिचे नाव विधानसभेत गाजायला अजून पावणेदोनशे वर्षे होती.

रोथॅमस्टेडचा कीटकनाशकांकडचा प्रवास एका फुलापासून सुरू झाला. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम या पांढऱ्या फुलाची पूड कीटकांना मारते, हे युरोपात एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. माणसाला आणि जनावरांना ती फारशी बाधत नाही. अडचण एकच, उन्हात ती काही तासांत निकामी होते. घरातल्या माश्या-डासांसाठी ठीक, शेतासाठी निरुपयोगी. 1948 मध्ये मायकेल एलियट हा तरुण रसायनतज्ज्ञ रोथॅमस्टेडला आला आणि त्याने हा प्रश्न आयुष्यभराचा करून टाकला. फुलातल्या रेणूचा कोणता भाग कीटकाच्या मज्जातंतूंना जखडतो आणि कोणता भाग उन्हात मोडतो, हे शोधत त्याचा गट एकेक तुकडा बदलून पाहत राहिला. 1967 मध्ये बायोरेस्मेथ्रीन तयार झाले. ते जहाल होते, पण ऊन त्यालाही सोसत नव्हते. 1973 मध्ये पर्मेथ्रीन आले आणि ते उन्हात टिकले. पाठोपाठ सायपरमेथ्रीन आणि डेल्टामेथ्रीन आली. डीडीटी हेक्टरी किलोच्या हिशेबात लागे. डेल्टामेथ्रीनचे काही ग्रॅम पुरत. नॉर्मन जेन्स आणि डेव्हिड पुलमन हे एलियटचे या कामातले सहकारी. सरकारी महामंडळामार्फत परवाने दिले गेले, जगभरच्या कंपन्यांनी ते घेतले आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे नाव शेतीच्या दुकानांत पोहोचले. एलियटला 1989 मध्ये शेतीसाठीचे वुल्फ पारितोषिक मिळाले. ते योग्यच होते, कारण हे काम खरोखर मोठे होते.

ही औषधे भारतात आली 1980 च्या सुमारास, आणि त्यांच्यासाठी जमीन आधीच तयार झालेली होती. 1970 मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-4 हे कापसाचे पहिले व्यापारी संकरित वाण दिले. संकरित कपाशीने उत्पन्न वाढवले, पण तिला खत भरपूर लागे, ती जास्त दिवस रानात उभी राही आणि तिचा हिरवा लुसलुशीत पाला किडींना मानवे. डीडीटी, एंडोसल्फान, मोनोक्रोटोफॉस यांच्या फवारण्या नेमाने होऊ लागल्या. हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून जी ओळखीची होती, ती हेलिकोव्हर्पा आता अमेरिकन बोंडअळी या नावाने कपाशीवर ठाण मांडून बसली. अशा वेळी पायरेथ्रॉइड आले. फवारल्याबरोबर अळ्या टपाटप खाली पडत. ज्याने आधी दहा औषधे हताशपणे पाहिली होती, त्या शेतकऱ्याला हा चमत्कार वाटला तर त्यात त्याचा काय दोष? पहिल्या वर्षी दोन फवारण्या, मग चार, मग आठ. या औषधांनी अळ्यांबरोबर त्यांना खाणारे मित्रकीटकही गेले आणि पांढऱ्या माशीला मोकळे रान मिळाले.

इशारा मात्र हार्पेंडनमध्येच मिळालेला होता. रोमन साविकी आणि त्यांचे सहकारी घरमाश्यांवर काम करत होते. डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या पायरेथ्रॉइडलाही दाद देत नाहीत, कारण दोन्ही औषधे मज्जातंतूतल्या एकाच दारावर घाव घालतात, हे त्यांना दिसत होते. ज्या किडीने डीडीटीची वीस-तीस वर्षे पचवली होती, तिच्यात नव्या औषधाला तोंड देणारे थोडे जीव आधीपासून असण्याची शक्यता होती. हे ज्ञान शास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत राहिले. गुंटूरच्या किंवा वणीच्या बाजारात बाटली विकणाऱ्याला ते कोणी सांगितले नाही.

1987 च्या हंगामात आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत कपाशी अळीने फस्त केली. शेतकरी एकामागून एक फवारणी करत होते आणि अळ्या जागच्या हलत नव्हत्या. तिथल्या अळ्यांची तपासणी झाली, आणि पायरेथ्रॉइडना त्यांनी जबर प्रतिकारशक्ती कमावल्याचे रेडिंग विद्यापीठाच्या ॲलन मॅककॅफ्री यांनी सहकाऱ्यांसह 1989 मध्ये प्रसिद्ध केले. कर्ज काढून औषध घेतलेल्या घरांत त्या वर्षी आत्महत्या झाल्या. दहा वर्षांनी, 1997-98 मध्ये, वरंगळला तेच पुन्हा घडले. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमागे भाव, पाऊस, सावकार अशी अनेक कारणे गुंतलेली होती. तिथल्या प्रत्येक मृत्यूचा दोष अळीवर टाकणे चूक ठरेल. पण औषधाचा वाढता खर्च त्या गुंत्यात होताच. 1990 च्या दशकात देशाच्या लागवडीखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम पाच टक्के जमिनीवर कापूस होता आणि सर्व कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी त्याच्यावर पडत होती. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती यांनी गावोगावच्या अळ्या गोळा करून कोणते औषध कुठे निकामी झाले आहे याची मोजणी याच काळात केली. त्यांचे म्हणणे साधे होते. औषधे आलटून पालटून वापरा, मिश्रणे करू नका, पहिली फवारणी शक्य तितकी लांबवा. ज्या गावांत हे पाळले गेले तिथे खर्च उतरला. बाकीच्या गावांत दुकानदाराचाच सल्ला चालत राहिला.

याच सुमारास, कापसाशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी, आपल्या कथेतले तिसरे शस्त्र घडत होते.

1990 मध्ये कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गेन्सन, कॅरोलिन नापोली आणि क्रिस्टीन लेमिएक्स हे पेट्युनियाच्या फुलाचा जांभळा रंग अधिक गडद करू पाहत होते. रंग देणाऱ्या जनुकाची आणखी एक प्रत त्यांनी झाडात घातली. फुले गडद व्हायच्याऐवजी कित्येक झाडांवर ती पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची उमलली. घातलेले जनुक आणि झाडाचे मूळचे जनुक, दोन्ही गप्प झाली होती. अनेक वर्षे याचा उलगडा होईना. 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीवर प्रयोग करून तो केला. जनुकाचा हुकूम पेशीत आरएनएच्या एकेरी धाग्याने जातो. त्या हुकुमाशी जुळणारा दुपदरी आरएनए पेशीत आला, की पेशी त्याला घुसखोर समजते, त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या मदतीने जुळणारा प्रत्येक हुकूम हुडकून फाडते. जनुक जागेवर शाबूत राहते, पण त्याचे म्हणणे कुठे पोहोचतच नाही. त्याच वर्षी फायर यांच्याच प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली. दुपदरी आरएनए बनवणारे जिवाणू सूत्रकृमीला खाऊ घातले तरी जनुक गप्प होते. शेतीच्या दृष्टीने हा शोध मोलाचा होता, कारण कीड पीक खातेच. 1999 मध्ये इंग्लंडच्या पूर्वेला नॉर्विच इथे अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बाल्कम यांनी वनस्पतींमध्ये ते आखूड तुकडे प्रत्यक्ष दाखवले. फायर आणि मेलो यांना 2006 मध्ये नोबेल मिळाले. वनस्पतींत हे कोडे आधी सापडले, आणि ते आखूड तुकडेही तिथेच प्रथम दिसले. बाल्कम यांचे नाव त्या पारितोषिकात असायला हवे होते असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांतला एक आहे.

तोवर भारतात दुसरे शस्त्र आले होते. 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. बीटी हे मातीतल्या एका जिवाणूचे विष; त्याचे जनुक कपाशीत घातले की अळी पाने-बोंडे खाऊन मरते. बोंडअळीसाठीच्या फवारण्या झपाट्याने घटल्या. देशाचे रुईचे उत्पादन 2002 च्या सुमारास हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास होते, ते 2007-08 मध्ये साडेपाचशेपर्यंत गेले. पाऊस, सिंचन आणि नवी औषधेही त्यात होती, पण बीटीचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. 2006 मध्ये दोन विषांचे वाण आले. पुढच्या चार-पाच वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली.

परवानगी मिळाली त्याच 2002 साली नवी दिल्लीत राज भटनागर यांच्या गटाने एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. बीटीचे विष अळीच्या आतड्यात कोणत्या प्रथिनाला चिकटते, हा प्रश्न होता. त्यांनी स्पोडोप्टेरा या पाने खाणाऱ्या किडीच्या अळ्यांना दुपदरी आरएनए टोचून ते प्रथिन बनवणारे जनुक गप्प केले आणि मग बीटीचे विष दिले. अळ्यांवर त्याचा परिणाम कमी झाला. विषाचे दार कोणते ते कळले, आणि ते दार बंद करून अळी विषातून सुटू शकते हेही कळले. बीटी शेतात पोहोचले त्या वर्षी त्याच्या पराभवाची एक वाट आपल्याच देशात कागदावर आलेली होती.

प्रतिकार थोपवण्याचा उपाय ठरवलेला होता. बीटीच्या साडेचारशे ग्रॅम बियाण्याबरोबर एकशे वीस ग्रॅम साधे बियाणे वेगळ्या पुडीत मिळे. ते कडेच्या ओळींत लावायचे, म्हणजे तिथे बीटी न खाल्लेले पतंग तयार होतील, प्रतिकार असलेल्या मोजक्या पतंगांशी त्यांचे मीलन होईल आणि प्रतिकार पातळ होत राहील. अमेरिकेत याच तत्त्वावर, वंध्य पतंग सोडण्याची जोड देऊन, गुलाबी बोंडअळी व्यापारी कपाशीतून संपवली गेली. 2018 मध्ये तिथल्या कृषी खात्याने तसे जाहीर केले. आपल्याकडे ती एकशे वीस ग्रॅमची पुडी बहुतेक बांधावरच राहिली. पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कडेच्या ओळी अळीसाठी सोडा म्हणून सांगायचे, त्याचे कारण नीट समजावायचे नाही आणि भरपाईही द्यायची नाही. असा नियम पाळला जाणार नव्हता. पुढे साधे बियाणे पाकिटातच मिसळण्याचा नियम झाला, पण तोवर उशीर झाला होता.

हेलिकोव्हर्पा तूर, हरभरा, टोमॅटो, सगळे खाते. त्यामुळे बीटीचा स्पर्श नसलेले तिचे पतंग दरवर्षी तयार होत राहिले. गुलाबी बोंडअळी जवळपास फक्त कपाशीवर जगते. तिच्यासाठी बीटीबाहेरचे रानच उरले नव्हते. त्यात फरदडीची भर पडली. भाव चांगला आणि विहिरीला पाणी असले की पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवायची, जमेल तितका वेचा काढायचा. गुलाबी अळीला हिवाळाभर घर मिळाले. गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत पहिल्या बीटी विषाला तिने प्रतिकार कमावल्याचे मार्च 2010 मध्ये कंपनीनेच मान्य केले. पाच वर्षांत दोन विषांची कपाशीही तिथे पडली, आणि अळी महाराष्ट्रात उतरली.

आता तिसऱ्या शस्त्राकडे. नोव्हेंबर 2007 मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. अमेरिकेत जेम्स बॉम आणि सहकाऱ्यांनी मक्याची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याची सुमारे तीनशे जनुके तपासून, त्यांतले एक गप्प करणारा दुपदरी आरएनए मक्यातच तयार करवला, आणि मुळे वाचली. शांघायला माओ यिंग-बो आणि चेन शियाओ-या यांच्या गटाने थेट आपली घाटेअळी निवडली. कपाशीत गॉसिपॉल नावाचे नैसर्गिक विष असते आणि अळी एका विकराच्या जोरावर ते पचवते. त्या विकराचे जनुक गप्प करणारा आरएनए त्यांनी झाडात घातला. ती पाने खाल्लेल्या अळ्या गॉसिपॉलवर खुरटल्या. बाहेरून विष न आणता कपाशीचेच जुने विष पुन्हा कामाला लावण्याची ही कल्पना मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

तशीच एक कथा मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेले सागर पंडित जर्मनीतल्या येना इथे इयन बाल्डविन यांच्याकडे होते. त्यांनी पवन कुमार आणि इतरांबरोबर रानतंबाखूवरच्या अळीचा एक जुना प्रश्न घेतला: निकोटीन खाऊन ही अळी जगते कशी, आणि ते तिच्या उपयोगी पडते का? रानतंबाखूतून दुपदरी आरएनए खाऊ घालून त्यांनी अळीचे एक जनुक गप्प केले आणि युटाच्या वाळवंटात तिला सोडले. एरवी ही अळी खाल्लेल्या निकोटीनचा थोडा भाग रक्तात घेते आणि श्वासावाटे बाहेर सोडते. त्या उग्र वासाने जमिनीवर हिंडणारे कोळी दूर राहतात. जनुक गप्प झालेल्या अळ्यांना हे जमेना आणि कोळ्यांनी त्या फस्त केल्या. हे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. सागर पंडित पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशोक गिरी आणि विद्या गुप्ता यांच्या गटाने घाटेअळीची निवडक जनुके गप्प करून तिची वाढ खुंटवल्याचे 2016 मध्ये दाखवले. दिल्लीत राजम यांच्या गटाने त्याच वर्षी तंबाखू आणि टोमॅटोच्या झाडांतून तिचे कायटिनेज हे जनुक गप्प केले.

मग हे बियाणे दुकानात का नाही? कारण अळ्या या उपायाला सहज बळी पडत नाहीत. भुंगेऱ्याच्या आतड्यात दुपदरी आरएनए टिकतो आणि पेशींत शिरतो. पतंगवर्गातल्या अळ्यांच्या आतड्यात त्याचे तुकडे करणारे विकर फार जोरकस असतात. त्यातून जे पेशीत शिरते ते बरेचदा एका पिशवीत अडकून पडते. 2011 मध्ये जगभरच्या दीडशेहून अधिक प्रयोगांचा आढावा निघाला, त्यात यश आणि अपयश यांचा काही मेळ लागत नव्हता. एका प्रयोगशाळेत चाललेले जनुक दुसरीत चालत नव्हते. केंटकी विद्यापीठात सुब्बा रेड्डी पल्ली यांच्या गटाने 2016 मध्ये आरएनए नेमका कुठे नष्ट होतो आणि कुठे अडकतो ते दाखवले.

प्रयोगशाळा आणि शेत यांतले अंतर किती मोठे असते, हे वॉटफर्डच्या त्याच परगण्यात तेव्हाच दिसले होते. रोथॅमस्टेडने मावा पळवणारा गंध सोडणारा गहू तयार केला. 2012 मध्ये त्याच्या चाचणीविरुद्ध मोर्चा आला, पोलीस लागले, आणि प्रयोगापेक्षा कुंपण व पहाऱ्यावर जास्त पैसा गेला. बंद खोलीत मावा पळत होता. उघड्या शेतात फरक पडला नाही. 2015 मध्ये संस्थेने हे अपयश स्वतःहून प्रसिद्ध केले. बियाणे कंपन्यांच्या चाचण्यांचे निकाल असे खुले असते तर आपल्याकडे बराच संशय निवळला असता.

2017 या वर्षी सगळे धागे एकत्र आले. जूनमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मुळांच्या भुंगेऱ्याचे जनुक गप्प करणाऱ्या मक्याला मान्यता दिली. किडीविरुद्ध असे पहिले पीक शेतीसाठी मोकळे झाले. त्यात बीटीची विषेही होती. चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी कपाशीत बीटी आणि जनुक गप्प करणारा आरएनए एकत्र घातले आणि बीटी पचवणाऱ्या घाटेअळ्याही त्यावर मरतात हे दाखवले.

आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळ. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. रसशोषक किडी आल्या, अळीची धास्ती होती, आणि मजूर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बॅटरीचे पंप घेऊन डोक्यावरून फवारत होते. औषधाचा फवारा त्यांच्याच तोंडावर उतरत होता. मास्क नाही, हातमोजे नाहीत, अंगातला सदरा भिजलेला. वापरात आलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन यांचे मिश्रण होते. म्हणजे हार्पेंडनमध्ये माणसाला सौम्य म्हणून घडवलेला रेणू इथे एका जहाल फॉस्फरसयुक्त विषाबरोबर एकाच बाटलीत आला होता. जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यांत गेली, काहींची दृष्टी अधू झाली. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले. मेलेल्यांत बरेचजण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर होते, हे विसरता कामा नये. बियाण्याच्या निवडीत त्यांचा काही हात नव्हता.

पाठोपाठ दसरा-दिवाळीच्या वेळी बोंडे फोडली तर आत गुलाबी अळी. फुले डोमकळ्या होऊन मिटलेली, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली. राज्यातल्या चाळीस लाख हेक्टरांवरच्या कपाशीला त्या वर्षी मोठा फटका बसला आणि हिवाळी अधिवेशनात मदत जाहीर करावी लागली. बोंडाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचतच नाही. ज्या किडीसाठी बीटी आणले, ती बीटीच्या बोंडात बसून होती.

पुढच्याच वर्षी तिसऱ्या शस्त्राबद्दलही तीच बातमी आली. अमेरिकेतल्या एका शेतातून घेतलेल्या मक्याच्या भुंगेऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्या आरएनएवर वाढवल्यावर त्यांनी प्रतिकार कमावला. गंभीर गोष्ट अशी, की हा प्रतिकार एका जनुकापुरता नव्हता. आतड्याच्या पेशींनी दुपदरी आरएनए आत घेणेच थांबवले होते, त्यामुळे जनुक बदलून पाहिले तरी उपयोग नव्हता. तो मका 2022 मध्ये अमेरिकी शेतकऱ्यांना विक्रीला मिळाला. डिसेंबर 2023 मध्ये बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी फवारणीच्या आरएनएलाही तिथे मान्यता मिळाली. एके काळी ग्रॅमला हजारो डॉलर पडणारा दुपदरी आरएनए आता काही डॉलरच्या आत बनतो, म्हणून फवारणी परवडते. माती-पाण्यात तो काही दिवसांत मोडतो, आणि जनुकाची जुळणी नीट निवडली तर मधमाशीला किंवा मित्रकीटकाला इजा न करता एकाच किडीवर चालतो. यवतमाळच्या मजुराच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. तो होऊ नये असे म्हणणाऱ्याला मी कधी दुजोरा देणार नाही.

भारतात मात्र जनुक गप्प करून किडीला रोखणाऱ्या कोणत्याही पिकाला अजून लागवडीची परवानगी नाही. ही मधली वर्षे नुसती वाट पाहण्यात घालवू नयेत. विदर्भ-मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यातली गुलाबी अळी आज दुपदरी आरएनएला किती दाद देते, याची नोंद नागपूरची कापूस संस्था, अकोला आणि परभणीची कृषी विद्यापीठे यांनी बियाणे येण्याआधी करून ठेवावी. पायरेथ्रॉइड आणि बीटी या दोन्हींच्या वेळी अशी मोजणी संकट आल्यावर जोमाने झाली. नव्या वाणात आरएनए एकटा येऊ नये, साधे बियाणे पाकिटात मिसळलेलेच असावे, आणि चाचण्यांचे निकाल, फसलेलेसुद्धा, मराठीत गावापर्यंत पोहोचावेत. शेतकरी संघटनांनी आणि उत्पादक कंपन्यांनी या अटी परवानगीच्या आधी मागाव्यात. फरदड डिसेंबरअखेर उपटून टाकणे आणि कामगंध सापळे लावणे यांना तर कोणाच्या परवानगीची गरज नाही; ते येत्या हंगामातच करावे.